पावसाळ्यात फिरणारा नेम आणि रायफलचे बेडिंग

नाशिकची एप्रिलमधली कोरडी हवा आणि जुलैमधली दमट हवा यांत इतका फरक असतो की .२२ टार्गेट रायफलचा लाकडी दस्ता फुगतो, आकसतो आणि अॅक्शनवरचा, म्हणजे काडतूस धरून उडवणाऱ्या यंत्रणेवरचा, दाब बदलत राहतो. ५० मीटरवर दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असल्याने तो बदल गुणांत दिसतो.

दोष बेडिंगचाच, म्हणजे अॅक्शन दस्त्यात बसण्याच्या पद्धतीचाच, आहे का, हे आधी तपासावे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, दस्त्याच्या टोकाशी नळी आणि लाकूड या दोहोंना एकाच वेळी बोट टेकवावे आणि अॅक्शनचा पुढचा स्क्रू सावकाश सैल करावा. नळी सरकल्याचे बोटाला जाणवले, तर अॅक्शन ताणात बसली आहे.

शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो, म्हणून पुढचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे, मात्र शक्यतो समोर उभे राहून. अॅक्शन आणि दस्ता यांच्यामधल्या जागेत इपॉक्सी (घट्ट होणारा राळेचा गोंद) भरण्यापूर्वी स्क्रूची भोके आणि खाचा मूर्ती घडवण्याच्या मऊ मातीने (मॉडेलिंग क्ले) बुजवाव्यात, आणि धातूच्या प्रत्येक पृष्ठभागावर, स्क्रूच्या आट्यांवरसुद्धा, मेणाचा पातळ थर द्यावा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, कारण एक कोपरा सुटला तरी अॅक्शन दस्त्यात कायमची चिकटू शकते. इपॉक्सी सुकेपर्यंत स्क्रू आवळू नयेत; अॅक्शन आपल्या वजनाने, ताणाविना बसू द्यावी.

उघडे राहिलेले लाकूड आतूनही वॉर्निशने बंद करावे. नंतर स्क्रू दर वेळी टॉर्क पान्याने, उत्पादकाने सांगितलेल्या मापानेच आवळावेत आणि एकाच लॉटच्या (एका खेपेत बनलेल्या) काडतुसांनी गट, म्हणजे गोळ्यांची छिद्रे किती जवळजवळ पडतात, हे पाहावेत.