पन्नाशीनंतर परत गाडीवर बसताय? मग या चुका टाळा

पोरं पुण्याला लागली, घराचं कर्ज फिटलं, रिटायरमेंटचे पैसे हातात आले की आपल्याकडच्या माणसाला एकदम आठवतं की कॉलेजला असताना आपण यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल उडवायचो. मग शोरूम, हार, नारळ आणि पुढच्या महिन्यात कोपर नाहीतर गुडघा बांधलेला. बीडपासून लातूरपर्यंत इतक्या जणांचं हे बघून झालंय की आता कुणी नव्या गाडीचे पेढे घेऊन आलं की मी पहिलं विचारतो, याच्या आधी कोणती गाडी चालवायचात?

कारण गाडी चालवायची कुणीच विसरत नाही. उलट पायाला जुनी गाडी पक्की पाठ असते आणि ते पाठांतरच नव्या गाडीवर नडतं.

आमचे एक दाजी आहेत अंबाजोगाईकडचे. तरुणपण सगळं जुन्या बुलेटवर गेलं, म्हणजे गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. मधली कित्येक वर्षं नुसती कार. मग साडेतीनशे सीसीची नवी गाडी घेतली, जिला आता सगळ्याच गाड्यांसारखं गियर डावीकडं अन् ब्रेक उजवीकडं. मी म्हणलं दाजी, चार दिवस मोंढ्याच्या मैदानात फिरवा आधी. तर म्हणे, "तू चड्डीत होता तवापासून बुलेट चालवितो मी." उसाचा सीझन चालू, दिवस मावळलेला, केज रोडला पुढं डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर नाही का लाल लाईट नाही. दाजींनी जीव खाऊन ब्रेक मारला, पण डाव्या पायानं. म्हणजे चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा, इंजिन किंचाळलं, मागचं चाक उड्या मारायला लागलं आणि गाडी सरळ बाजूच्या कपाशीत. कॉलरबोन गेलं, बाकी वाचले. दवाखान्यात एकच पालुपद, "मी ब्रेक मारला होता, लागलाच न्हाई." दुसऱ्या दिवशी गाडी उचलायला गेलो तर गियरचा दांडा आत वाकून इंजिनला टेकलेला, डाव्या चपलेचा अंगठा तिथंच मातीत पडलेला आणि उजवीकडच्या ब्रेकच्या पॅडलवर धूळ जशीच्या तशी.

सावकाश चालवताना डोकं सांगतं तसा पाय ऐकतो, घाबरल्यावर तो वीस वर्षं मागं जातो. हे फक्त बुलेटवाल्यांचंच नाही. सीडी १०० आणि जुन्या स्प्लेंडरला सगळे गियर पुढं दाबून पडायचे, तर आजच्या बऱ्याच गाड्यांना पहिला खाली अन् बाकीचे वर. जुना स्प्लेंडरवाला साठच्या स्पीडला सवयीनं पुढं दाबतो, त्याला वाटतं वरचा टाकला आणि पडतो खालचा. मी सगळ्यांना एकच काम लावतो, रोज संध्याकाळी गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, वर बसायचं, तोंडानं "ब्रेक" म्हणायचं आणि ब्रेक दाबायचा, "खालचा" म्हणायचं आणि गियर टाकायचा. घरचे हसतात, हसू द्या. यूट्यूबवर व्हिडिओ बघून पाय शिकत नाही, अन् "पोरानं एक चक्कर मारून दाखवली" एवढ्यानं तर अजिबात नाही.

दुसरी चूक पुढच्या ब्रेकची आणि हिच्यावर मी भांडणं केलेली आहेत. "पुढचा ब्रेक मारला की माणूस तोंडावर पडतो" हे आपल्याकडं बाप पोराला सांगत आलाय. जुन्या गाड्यांचा पुढचा ड्रम ब्रेक तसाही नावालाच होता, म्हणून सगळे पायावर अवलंबून. पण ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळं कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवायचं जास्तीचं काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता पाय दाबणारा मागचं चाक घासत नेतो आणि थांबतो लांब जाऊन. पुढचा ब्रेक झटक्यात दाबायचा नसतो, लिंबू पिळल्यासारखा हळूहळू वाढवत न्यायचा, गाडी सरळ असताना. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) सक्तीचं आहे, पण जोरात ब्रेक मारल्यावर एबीएसचा लिव्हर बोटाखाली थरथरतो आणि नवखा माणूस घाबरून नेमका तेव्हाच सोडून देतो. सोडू नका, ते थरथरणं म्हणजे एबीएस काम करायलंय. आणि सिंगल चॅनल असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक अजूनही लॉक होतं. एमआयडीसीच्या रोडला रविवारी सकाळी कुणी नसतं, तिथं तीसच्या स्पीडवरून थांबायची प्रॅक्टिस करा, मग चाळीस, मग पन्नास.

एक मात्र आहे, ट्रॅक्टरच्या चाकानं शेतातली काळी माती डांबरावर आलेली असते आणि तिच्यावर पाऊस पडला की कुठलाच ब्रेक आणि कुठलंच एबीएस कामाचं नाही. तिथं आधीच स्पीड कमी करायचा, बाकी इलाज नाही.

जड गाडी. आरएक्स १०० होती शंभर किलोच्या आसपास, आजची रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे १९५ किलोची. पळताना वजन कळत नाही, कळतं ते धाब्यासमोरच्या उतारावर यू टर्न मारताना, गुडघे आधीच कुरकुरत असताना. बहुतेक गाड्या उभ्या-उभ्याच आडव्या होतात. आधी वर्षभर १२५ ची चालवा म्हणलं तर लोकांना कमीपणा वाटतो, वाटू द्या.

दसऱ्याला गाडी घ्यायची आणि कोजागिरीला वहिनीला मागं एका बाजूनं बसवून तुळजापूर. रस्ताभर पायी चाललेली माणसं, मागं वजन एकीकडं, पदर चाकाकडं. एवढी घाई कशाला? देवी कुठं जात नाही.

आता बारीक-सारीक. गाडी गियर टाकला की बंद पडते म्हणून ढकलत मेकॅनिककडं नेऊ नका, साइड स्टँड खाली राहिलेला असतो, नव्या गाड्यांचं इंजिन तसं आपोआप बंद होतं. कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन असलेल्या नव्या गाडीला चोक नाही आणि बहुतेकांना रिझर्व्हचा कॉकही नाही, त्यामुळं "रिझर्व्हला लागली की भरू" हा हिशोब सोडा. समृद्धी महामार्गावर टू-व्हीलरला परवानगी नाही, जालन्यापासून सरळ रस्ता दिसला तरी. शेडमधली जुनी गाडी काढणार असाल तर टायरवर चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही चांगली दिसली तरी आपल्या उन्हात रबर कडक होऊन जातं, बदला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, कार्बोरेटर साफ करा, मग किक मारा.

आणि पाकिटातलं लायसन बाहेर काढून तारीख वाचा. पन्नाशी ते पंचावन्नच्या दरम्यान केलेलं साठीपर्यंत चालतं, पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर परत टेस्ट द्यावी लागते, चाळिशीच्या पुढं डॉक्टरचा फॉर्म १-ए, म्हणजे तब्येतीचा दाखला पण लागतो. त्या डॉक्टरकडून नुसती सही आणू नका, गेलात तसं डोळे पण तपासून घ्या, समोरच्या एलईडीनं रात्री दिपायला होत असेल तर मोतीबिंदूचं विचारा.