माय-एसक्यूएलच्या टेबलमध्ये छायाचित्रे साठवताना

वाचनालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या सभासद-नोंदीसोबत प्रत्येकाचे छायाचित्र जपायचे असेल, तर ते माय-एसक्यूएल या डेटाबेसमध्येच ठेवावे की डिस्कवर फाइल ठेवून टेबलमध्ये केवळ तिचा पत्ता लिहावा, हे आधी ठरवावे लागते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या २००६ मधील अभ्यासात २५६ केबीपेक्षा लहान फाइली डेटाबेसमध्ये आणि १ एमबीपेक्षा मोठ्या फाइली डिस्कवर ठेवणे सरस ठरले होते. तो अभ्यास मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आणि विंडोजची एनटीएफएस ही फाइल-पद्धत यांच्यापुरता असला, तरी अंदाज बांधायला आजही उपयोगी पडतो. ओळखपत्राचे छायाचित्र पन्नास ते शंभर केबीत सहज बसते, त्यामुळे ते टेबलमध्येच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण मग नोंद आणि छायाचित्र यांची ताटातूट होत नाही आणि बॅकअपही एकच घ्यावा लागतो.

सर्वाधिक घोटाळा कॉलमचा प्रकार निवडताना होतो. नुसता ‘ब्लॉब’ (कच्चे बाइट साठवणारा प्रकार) निवडला तर त्यात फक्त ६५,५३५ बाइट मावतात. सर्व्हरचा स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर मोठे छायाचित्र नाकारले जाते आणि चूक लगेच कळते; तो बंद असेल तर मात्र सर्व्हर केवळ इशारा देऊन उरलेले बाइट कापून टाकतो. असे जेपेग उघडल्यावर कपाळ आणि डोळे स्वच्छ दिसतात, पण हनुवटीच्या जागी करड्या रंगाचा सपाट पट्टा येतो, आणि कापलेला भाग परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नसतो. म्हणून सुमारे १६ एमबी मावणारा ‘मीडियमब्लॉब’ घ्यावा. टेक्स्ट प्रकारचा कॉलम वापरू नये, आणि बेस-६४ करून, म्हणजे बाइट अक्षरांत बदलून, साठवण्याचा मोहही टाळावा, कारण त्याने आकार एक तृतीयांशाने वाढतो.

छायाचित्रांसाठी स्वतंत्र टेबल करावे. सभासद क्रमांक हीच त्याची प्रायमरी की (नोंद ओळखणारा कॉलम) आणि फॉरेन की (सभासदांच्या टेबलशी जोडणारा कॉलम) ठेवून, सभासदाची नोंद काढल्यावर छायाचित्रही आपोआप निघेल अशी कॅस्केडची अट घालावी. मीडियमब्लॉबशेजारी माइम प्रकार (फाइल कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारे नाव), रुंदी, उंची, बदलाची वेळ आणि ३२ बाइटच्या बायनरी कॉलममध्ये शा-२५६ हॅश (बाइटवरून काढलेला ठसा) ठेवावा. वेगळ्या टेबलचा आग्रह एवढ्यासाठी, की सभासदांच्या यादीसाठी कोणीतरी कधीतरी सर्व कॉलम मागवणारी क्वेरी लिहितेच, आणि ८० केबीची ५०० छायाचित्रे म्हणजे केवळ नावे दाखवण्यासाठी ४० एमबी वाहून आणणे होय.

अपलोड स्वीकारताना फाइलच्या नावातील एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवू नये. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेत ‘फाइनफो’ हे साधन आतले बाइट पाहून खरा प्रकार सांगते. त्यानंतर चित्र जीडी या पीएचपीच्या चित्र-लायब्ररीने नव्या आकारात पुन्हा काढून घ्यावे. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात बऱ्याचदा ते कोठे काढले याचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. संस्थेला त्यांची गरज नसते आणि सभासदाला त्यांची कल्पनाही नसते. पुन्हा काढल्याने ते निघून जातात. मात्र त्याच माहितीत छायाचित्र कोणत्या दिशेला फिरवायचे हेही लिहिलेले असल्यामुळे, आधी ते त्यानुसार सरळ करून घ्यावे. पीएचपीची मूळ अपलोड मर्यादा २ एमबी असते, तर माय-एसक्यूएल ८.० च्या सर्व्हरवर एका पॅकेटची (एका वेळी पाठवता येणाऱ्या माहितीची) मूळ मर्यादा ६४ एमबी असते. म्हणून अपलोड अडले तर पीएचपीची सेटिंग आधी तपासावी.

नोंद घालताना बाइट क्वेरीच्या मजकुरात जोडू नयेत. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधीच तयार ठेवलेली क्वेरी) वापरून ते पॅरामीटर म्हणून द्यावेत, आणि सभासद व छायाचित्र या दोन्ही नोंदी एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही अशा, घालाव्यात. चित्र दाखवणाऱ्या पानाने माइम प्रकार पाठवावा आणि हॅशच ई-टॅग (चित्राची आवृत्ती ओळखणारी खूण) म्हणून द्यावा. ब्राउझरने तोच ई-टॅग परत पाठवला, तर ३०४ (‘बदल नाही’) हे उत्तर देऊन ब्लॉब न वाचताच काम भागते.

बॅकअप माय-एसक्यूएल-डम्प या साधनाने घेत असाल, तर ‘हेक्स-ब्लॉब’ हा पर्याय जरूर द्यावा, म्हणजे बाइट सोळा-आधारी अंकांत लिहिले जातात. फाइलचा आकार जवळपास दुप्पट होतो, पण बाइट अक्षरसंचाच्या फेऱ्यात सापडून बिघडत नाहीत. तो बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून, प्रत्येक ब्लॉबचा शा-२५६ नव्याने काढावा आणि साठवलेल्या हॅशशी न जुळणाऱ्या नोंदी मागवणारी क्वेरी चालवावी. तिच्या उत्तरात एकही रो येता कामा नये.