पावडरचा नवा लॉट जुन्याशी कसा ताडून बघायचा

६.५ क्रीडमूर या रायफलच्या काडतुसासाठी वापरत असलेला एच४३५० या बंदुकीच्या पावडरचा डबा संपत आला, नवा आणला, नाव तेच, लेबल तेच, फक्त लॉट (एका वेळी बनलेला साठा) वेगळा, मग जुन्याच वजनाने काडतुसं भरायला काय हरकत आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि नेमकं तेच करायचं नाही. हॉजडन कंपनीची ही पावडर ऑस्ट्रेलियात मुलवालाच्या कारखान्यात बनते आणि तिथे काय किंवा फिनलंडच्या विहटावुओरी कंपनीत काय, प्रत्येक घाण्यात थोडा फरक पडतोच. दाण्याची जाडी, वरच्या कोटिंगचं प्रमाण, आतला ओलावा, यातलं काहीही जरा हललं की जळण्याचा वेग हलतो. आपल्यासारख्यांना विकायची पावडर कंपन्या तपासून आणि मिसळून ठरलेल्या वेगाच्या जवळ आणतात, पण जवळ म्हणजे तंतोतंत नव्हे. काडतुसांचे मोठे कारखाने तर प्रत्येक लॉटला प्रेशर बॅरलवर (दाब मोजणाऱ्या चाचणीच्या नळीवर) तपासून चार्ज, म्हणजे एका काडतुसात भरायचं पावडरचं वजन, नव्याने ठरवतात. आपण घरी तांदूळ शिजवताना जुन्याला आणि नव्याला पाणी वेगळं घेतो ना, तसंच हे.

हे सगळं अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे जिथे हँडलोडिंग (स्वतः काडतुसं भरणं) कायदेशीर आहे तिथल्या मंडळींसाठी. भारतात काडतुसं बनवायला आर्म्स अॅक्ट १९५९ प्रमाणे परवाना लागतो, तो नसेल तर हात लावू नका.

आधी जुना डबा वाचवा. सगळ्यात महत्त्वाचं हेच. जुन्या लॉटची किमान पाव पौंड पावडर शिल्लक असतानाच नवा लॉट तपासायचा. क्रोनोग्राफने (वेग मोजायच्या यंत्राने) मोजलेला गोळीचा वेग वहीत लिहिलेला आहे की, मग परत जुनी पावडर कशाला उडवायची, असं विचारतात. पण वहीतला आकडा त्या दिवशीच्या तापमानाचा असतो, त्या दिवशीच्या बॅरलचा असतो. नवं बॅरल पहिल्या शे-दोनशे राउंडमध्ये बऱ्याचदा वेग वाढवतं, जुनं होत गेलं की घालवतं. त्यामुळे दोन्ही लॉट एकाच दिवशी, एकाच रायफलमधून, नाहीतर तुलना नाहीच.

दोन्ही डबे नीट बघा. लॉट नंबर वहीत उतरवा. जुन्याचं झाकण उघडल्यावर आंबट झोंबणारा वास आला किंवा विटकरी धूळ दिसली तर ती पावडर खराब होतेय, ती वापरायचीच नाही. ओलाव्याचंही लक्षात ठेवा. हिवाळ्यात हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत डबा वारंवार उघडला, पावडर मेझरमध्ये (मापाने पावडर टाकणाऱ्या उपकरणात) रात्रभर तशीच ठेवली, तर ती वाळते आणि जास्त वेगाने जळते. शिवाय पाणी उडाल्यामुळे तेवढ्याच वजनात खरी पावडर जास्त बसते. दिसणारा फरक लॉटचा नसून तुमच्या ढिल्या झाकणाचा असू शकतो.

बाकी सगळं सारखं ठेवा. केस (काडतुसाची पितळी नळी) एकाच ब्रँडच्या, तितक्याच वेळा उडवलेल्या, प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) एकाच लॉटचे, बुलेट एकाच बॉक्समधल्या, सीटिंग डेप्थ (बुलेट केसमध्ये बसवायची खोली) तीच. चार्ज लोडिंग मॅन्युअलमधल्या मॅक्सिममपेक्षा बऱ्यापैकी खालचा घ्या, मी तर स्टार्टिंग लोडपासूनच (मॅन्युअलमधल्या सगळ्यात कमी चार्जपासून) सुरुवात करा म्हणेन, कारण नवा लॉट गरम, म्हणजे जास्त वेगाचा निघाला तर मोकळी जागा हवी. दोन्ही लॉटचा चार्ज तराजूवर तोला, मेझरच्या सेटिंगवर विसंबू नका, लॉट बदलला की घनता बदलते आणि त्याच सेटिंगला वजन वेगळं पडतं. टेबलावर एका वेळी एकच डबा. पहिल्या लॉटचे दहा भरून झाले, उरलेली पावडर तिच्याच डब्यात परत गेली, झाकण लागलं, डबा कपाटात गेला की मगच दुसरा बाहेर. केसच्या बुडाला मार्करने एकाला निळा, दुसऱ्याला लाल ठिपका द्या. आणि नुसत्या नंबरवर जाऊ नका, एच४३५० आणि आयएमआर ४३५० या वेगळ्या पावडरी आहेत, वेगळे लॉट नव्हेत.

आलटून पालटून उडवा. दोन-तीन फाउलिंग शॉट (स्वच्छ बॅरल नेहमीसारखं करायला आधी उडवायचे) घ्या आणि मग निळा, लाल, निळा, लाल असं जा. आधी दहा निळे मग दहा लाल असं केलं तर बॅरल तापल्याचा सगळा परिणाम लालच्या खात्यात जातो. राउंड तापलेल्या चेंबरमध्ये (बॅरलमध्ये काडतूस बसतं त्या जागेत) ठेवून वाऱ्याची वाट बघत बसू नका, आत पावडर तापते आणि वेग चढतो. बोल्ट उचलायला जड गेला, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत डाग दिसला, म्हणजे प्रेशर जास्त झालंय, तिथेच थांबा, उरलेले राउंड घरी नेऊन बुलेट पुलरने उघडा.

आता आकडे. समजा दोन्हींच्या वेगाचा एसडी (सरासरीभोवतीची पसरण) १० फूट प्रति सेकंदाच्या आसपास आहे आणि दहा-दहा शॉट झालेत. मग सरासरीत ९ फुटांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो, तेवढ्यावरून नवा लॉट वेगळा आहे म्हणता येत नाही. म्हणूनच तीन-तीन शॉटची तुलना मला अजिबात पटत नाही. पण २०-२५ फुटांचा फरक आला तर तो खरा धरा. १००० यार्डावर तेवढ्याने गोळी पाच-सात इंच वर-खाली जाते आणि एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या टार्गेटवर मधली एक्स-रिंगच मुळात पाच इंचांची आहे.

चार्ज जुळवा. नवा लॉट वेगवान असेल तर ०.१-०.२ ग्रेनने (पौंडात ७,००० ग्रेन) कमी करत जुन्याच्या सरासरीवर आणा. बाकी सगळं सारखं असताना वेग जास्त म्हणजे साधारणपणे प्रेशरही जास्त, त्यामुळे जुना लोड मॅक्सिममला टेकलेला असेल तर हे टाळताच येत नाही. किती कमी करायचं याचा अंदाज तुमच्याच रायफलवरून काढा, ०.३ ग्रेनला १८ फूट बदलत असतील तर ०.१ ला ६. नवा लॉट संथ असेल तर तसंच हळूहळू वाढवा, पण मॅन्युअलचा मॅक्सिमम आला की बास, वेग जुन्याइतका झाला नाही तरी. मग जुळलेल्या चार्जवर पुन्हा दहा राउंड, आणि लांबच्या रेंजवर ग्रुपची उभी पसरण बघून घ्या.

हा खटाटोप कमी वेळा करायचा असेल तर एक-एक पौंडाऐवजी एकाच लॉटचा आठ पौंडाचा डबा घ्या. आठ पौंड म्हणजे ५६,००० ग्रेन, ४० ग्रेनच्या आसपासचा चार्ज धरला तर साधारण १४०० राउंड, बहुतेकांचा पूर्ण सीझन त्यात निघतो. जुन्याचा उरलेला तळ नव्यात ओतू नका, सरावाचे राउंड भरून संपवून टाका, आणि नव्या डब्यावर लॉट, उघडल्याची तारीख आणि जुळलेला चार्ज मार्करने लिहून ठेवा.