साताऱ्यातून इलेक्ट्रिक एसयूव्ही घेताना ब्रोशर कसं वाचावं

ब्रोशरवरचा रेंजचा ठळक आकडा आधी पेनाने खोडा. बॅटरी किती युनिटची आणि गाडी शंभर किलोमीटरला किती युनिट खाते, हे दोनच आकडे कामाचे. किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलातला युनिटच, त्यामुळे हिशेब घरबसल्या होतो.

सोप्या गोष्टी लगेच उरकतात. ग्राउंड क्लिअरन्स पाच माणसं बसल्यावरचा विचारा, रिकाम्या गाडीचा नको. स्टेपनी आहे का ते डिकी उघडून बघा. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत नुसतं पंक्चर किट असतं आणि टायरची बाजू फाटली की ते किट शोभेचं. भारत एनकॅप या अपघात-सुरक्षा चाचणीत मिळालेले तारेही बघून घ्या.

आता रेंज. गोची इथेच होते. ब्रोशरवरचा आकडा एमआयडीसी, म्हणजे ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ चाचणीचा असतो (आपली कारखान्यांची एमआयडीसी नव्हे). ही चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, एसी बंद ठेवून. वेग ९०च्या वर जात नाही आणि सरासरी असते तिशीच्या आसपास. पुणे-बेंगळुरू हायवेवर तशी गाडी कोण चालवतं? ‘सरसकट तीस टक्के कमी धरा’ हा सल्लाही बाद, कारण तो वेग बघत नाही आणि घाटही बघत नाही.

मग करायचं काय? ३५-४५ युनिट बॅटरीची एसयूव्ही एसी लावून, चार माणसं घेऊन ९५-१००ने गेली तर शंभर किलोमीटरला १५ ते १७ युनिट खाते. १६ धरा. बॅटरीतले शेवटचे १० टक्के हिशेबातून काढून टाका. ४५ युनिटच्या बॅटरीत उरतात ४०.५, म्हणजे साधारण २५० किलोमीटर. सातारा-पुणे जाऊन-येऊन सव्वादोनशेच्या आसपास होतात. म्हणजे जमतं, पण पुण्यात फार भटकायचं नाही. ३५ युनिटच्या बॅटरीला १९५च्या पुढे आशा नाही, पुण्यात चार्जिंग करावंच लागेल. ११०ने हाणली तर खप १९च्या घरात जातो आणि ४५ युनिटची गाडीही २१०वर येते. तेव्हा पुण्याची फेरी नेहमीची असेल तर ३५ची बॅटरी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका.

खपाचा आकडा ब्रोशरमध्ये मिळत नाही, तो टेस्ट ड्राइव्हला काढायचा. ट्रिप मीटर शून्य करा, वाढे फाट्यावरून आनेवाडी टोलनाक्यापर्यंत जा आणि परत या. परतीचा प्रवास टाळू नका, एका बाजूच्या आकड्यात रस्त्याचा उतार आणि वारा दोन्ही मिसळलेले असतात. स्क्रीनवर किलोमीटरला १६० वॉट-तास दिसलं तर तेच आपले १६ युनिट. काही गाड्या उलट दाखवतात, युनिटला सव्वासहा किलोमीटर. अर्थ एकच.

घाटाचा हिशेब वेगळा. साताऱ्याहून मेढ्यामार्गे महाबळेश्वर म्हणजे साडेसहाशे मीटरच्या आसपास चढ. माणसांसकट १९०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला नेहमीच्या खपावर आणखी ४ युनिट जातात. उतरताना रीजनमुळे (मोटरच गाडीला रोखत वीज बनवते) त्यातले निम्म्याहून जास्त परत येतात, पण बॅटरीत जागा असेल तरच. वर हॉटेलात १०० टक्के चार्ज करून निघालात तर बॅटरी वीज घेत नाही आणि केळघर घाटात सगळा भार ब्रेकवर येतो. वरून निघताना ८५ टक्के पुरे. शोरूमवाला तयार असेल तर यवतेश्वरच्या घाटात चार माणसं बसवून एक चक्कर मारा. पिकअप आणि रीजनचा जोर दोन्ही तिथे कळतात.

फास्ट चार्जिंगचे ‘कमाल किलोवॅट’ वाचू नका. तो वेग काही मिनिटंच टिकतो आणि ८० टक्क्यांनंतर धार पार बारीक होते. विचारायचं ते १० ते ८० टक्क्यांना लागणारी मिनिटं. ४५च्या बॅटरीत तेवढ्यात ३१.५ युनिट भरायचे असतात. ४० मिनिटं सांगत असतील तर सरासरी ४७ किलोवॅट झाले. मात्र समोरचा चार्जर ३० किलोवॅटचा निघाला तर तासावर वेळ जाणारच. ६० किलोवॅटच्या मशीनवर चार्जिंगच्या दोन गन असल्या आणि शेजारी दुसरी गाडी लागली तरी बऱ्याचदा हीच गत.

घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर ४५ युनिट भरायला पंधरा तास लागतात. ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवायचा तर आधी महावितरणच्या बिलावरचा ‘मंजूर भार’ वाचा. तो २-३ किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्या. महिन्याला हजार किलोमीटर चालवली तर चार्जिंगच्या गळतीसकट १७५-१८० युनिट लागतात, म्हणजे दीडशे युनिटचं घर ३००चा स्लॅब ओलांडतं. चार्जिंगसाठी वेगळ्या जोडणीचा दर काय पडतो, ते महावितरणच्या कार्यालयात विचारून तुलना करा.

किंमत शेवटी. बॅटरी भाड्याने देणाऱ्या योजनेत गाडी स्वस्त दिसते. पण किलोमीटरला साडेतीन रुपये भाडं धरलं तर वर्षाच्या १५,००० किलोमीटरला ५२,५०० रुपये होतात, चार्जिंग वेगळंच. विकत घेत असाल तर वॉरंटीच्या कागदावर दोन ओळी शोधा: बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती बदलून मिळते, आणि गाडी विकली तर वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का.