मालवणात घरगुती मुक्काम: शनिवार-रविवारची तयारी

कोकण रेल्वेने कुडाळला उतरा. पुढे मालवण साधारण 30 किमी. ताटं किती आणि त्यांत शाकाहारी किती, हे घरच्या काकूंना आदल्या दिवशीच कळवा. मासळी सकाळी बाजारातून येते, ऐनवेळी मागितलेली सुरमई मिळत नाही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा सोलकढी आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यावर खूश राहा. तेही उत्तमच असतं.

भरतीची वेळ पंचांगावरून निघते: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. पाणी उतरत असताना पोहायला जाऊ नका, ओढ आत नेते. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सकाळीच गाठा, उन्हं तापली की तटावर फिरवत नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात.