नाशपातीला भुलू नका: फ्रूटी-फ्लोरल परफ्यूम घेताना या चुका टाळा

बेळगावच्या खडेबाजारात अत्तर-परफ्यूमच्या काउंटरमागं उभं राहून मला बरीच वर्षं झाली. माझ्याकडं सगळ्यात जास्त खपतं फ्रूटी-फ्लोरल, म्हणजे फळं आणि फुलं मिळून केलेला वास, आणि "हे तसलं नाही" म्हणत सगळ्यात जास्त परत येतं तेही तेच. माल चांगला असतो. लोक कागदी पट्टी हुंगतात आणि लगेच पाकीट काढतात, तिथं घोळ होतो.

खानापूरचा एक मुलगा बहिणीच्या लग्नासाठी बाटली घ्यायला आला. शेवटची बस गाठायची होती. पट्टीवर नाशपाती आणि ब्लॅककरंट आलं, गडी खूश. "मनगटावर मार, अर्धा तास थांब," म्हटलं. "वेळ नाही काका, हेच द्या." दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन हजर. "यात भेसळ हाय काका. सकाळी फळांचा वास होता, दुपारी नुसती माती येतीय. बदलून द्या की."

मी तिला बसवलं, त्याच बाटलीतला एक स्प्रे मनगटावर मारला, चहा मागवला. चहा संपेपर्यंत नाशपाती विरत आली होती. मग गुलाब-मोगरा वर आला. ती दोघं गणपत गल्लीत खरेदी करून आली तेव्हा मनगटावर कस्तुरीसारखं मस्क आणि पॅचौली उरलं होतं; पॅचौली म्हणजे आपल्या पाचेच्या जातीचा मातकट वास. तिला नेमका तोच आवडत नव्हता. फोडलेली बाटली मला परत घेता येईना. त्या पोराच्या पैशांची हळहळ मला अजून वाटते.

यात भेसळ कुठंच नव्हती. नाशपाती पिळून तिचं अत्तर निघत नाही; तो वास बहुतेक हेक्झिल अ‍ॅसिटेटसारख्या एस्टर नावाच्या रसायनांचा, केळ्याचा आयसोअमिल अ‍ॅसिटेटचा. हे रेणू लहान, हलके, अंगाच्या उबेनं आधी उडतात. फुलांचे त्यामागून, आणि मस्क, चंदन, पॅचौली जड म्हणून शेवटपर्यंत. पीच मात्र जरा टिकतं, कारण त्याचा वास देणारं लॅक्टोन नावाचं रसायन जड असतं. म्हणून फळावर भाळून घेतलेली बाटली तुम्ही दिवसभर वापरता ती तिच्या बेससाठी, म्हणजे शेवटी उरणाऱ्या वासासाठी. माझी सवय साधी: सकाळी एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरा, आणि निर्णय संध्याकाळी. तिसरा त्या दिवशी नाहीच. एवढाही धीर नसेल तर छोटी शिशी घ्या.

मनगटं एकमेकांवर घासू नका. घासल्यानं ऊब वाढते आणि वरचं फळ आणखी लवकर जातं.

दुसरी चूक मला जास्त छळते. दुपारी लोकांना वाटतं वास गेला, म्हणून आणखी चार स्प्रे. वास गेलेला नसतो, नाक सरावलेलं असतं. निपाणीच्या भरल्या बसमध्ये शेजारच्याला विचारा! मी कुणालातरी विचारतो, "येतोय का?" होय म्हणाले की बाटली बंद. काहींना काही मस्क मुळातच येत नाहीत; त्यांनी तर घरच्यांच्याच नाकावर भरवसा ठेवावा.

हिवाळ्यात आपल्याकडं कातडी कोरडी पडते आणि वास टिकत नाही. आंघोळीनंतर बिनवासाचं व्हॅसलीन जरासं चोळून त्यावर मारा. खोबरेल नको, त्याचा वास आडवा येतो.

शहापुरी रेशमी साडीवर थेट मारू नका, डाग पडतो. मोत्यांवरही नको, आधी परफ्यूम, मग दागिने.

बाटली न्हाणीघरात किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवली तर लिंबू-संत्र्याचा भाग सगळ्यात आधी बिघडतो. माझ्या स्वतःच्या बाटल्या खोक्यासकट कपाटात, साड्यांच्या घडीखाली असतात.