प्रदर्शनातील स्टॉलची सुरक्षितता : उद्घाटनाआधीची रात्र

भोसरीतील एका यंत्रनिर्मिती कंपनीच्या विपणन विभागात मी रुजू झालो, तेव्हा प्रदर्शनाचे काम म्हणजे स्टॉलचे डिझाइन पसंत करणे, माहितीपत्रके छापून घेणे आणि चार दिवस हसतमुखाने उभे राहणे, एवढीच माझी समजूत होती. आयोजकांच्या जाडजूड एक्झिबिटर मॅन्युअलमधील सुरक्षिततेचे प्रकरण मी न वाचताच स्टॉल उभारणाऱ्या कंत्राटदाराकडे, म्हणजे फॅब्रिकेटरकडे, पाठवले आणि त्याच्याकडून आलेल्या अकरा पानी इंग्रजी सुरक्षा आराखड्यावर कंपनीचा शिक्का मारून तो परत धाडला.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री दीडच्या सुमारास हॉलमध्ये एसी बंद होता, कारण उभारणीच्या काळात तो सहसा चालू नसतोच. मागच्या भिंतीला फ्लेक्स ताणण्यासाठी विशीतला एक सुतार अनवाणी पायांनी लाकडी घोड्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभा होता. खाली कार्पेट अंथरणाऱ्याने वाटेत येतो म्हणून घोडा वीतभर सरकवला आणि तो मुलगा हातावर पडला. मनगट मोडले होते. प्रथमोपचार कक्ष कुठे आहे हे मला ठाऊक नव्हते. मी त्याला घेऊन विरुद्ध दिशेच्या गेटवर गेलो आणि तेथून परत फिरण्यात वीस-पंचवीस मिनिटे गेली. आराखड्यात सुपरवायझर म्हणून ज्याचे नाव लिहिले होते, तो माणूस त्या रात्री दुसऱ्याच शहरात होता. अकरा पानांपैकी एकही पान तेथे काम करणाऱ्या नऊ जणांपैकी कोणी पाहिलेले नव्हते, आणि पाहिले असते तरी त्यांना ते वाचता आले नसते.

त्यानंतरच्या प्रत्येक प्रदर्शनासाठी मी आराखडा स्वतः लिहिला. नव्याने हे काम हाती घेणाऱ्याने सुरुवात वेळापत्रकापासून करावी, असे मी सांगेन. प्रदर्शन खुले असतानाच्या तासांत फारसे काही घडत नाही; धोका एकवटलेला असतो तो उभारणीच्या दोन रात्रींत आणि मोडणीच्या एका संध्याकाळी. मुंबईसारख्या शहरात अवजड वाहनांवर दिवसा वेळेची बंधने असल्याने यंत्राचा ट्रक बहुधा रात्रीच येतो, म्हणजे क्रेन, फोर्कलिफ्ट, सुतार, रंगारी आणि वायरमन एकाच वेळी एकाच जागेत येतात. यंत्र आधी उतरवून मगच भिंती उभ्या कराव्यात आणि थिनर किंवा रंग वापरात असताना शेजारी वेल्डिंग किंवा कटर मशीन चालू देऊ नये, हे दोन क्रम वेळापत्रकात तासांनिशी लिहून ठेवले की निम्मा आराखडा तयार होतो. दिवसभर राबलेली टोळीच रात्रीही राबणार असेल, तर फॅब्रिकेटरकडे दुसरी टोळी मागावी. त्याचे पैसे पडतात आणि ते अंदाजपत्रकात आधीच धरावे लागतात.

विजेच्या बाबतीत पहिली चूक कागदावरच होते. आमच्या ३६ चौरस मीटरच्या स्टॉलवर यंत्राला ७.५ किलोवॉट, कॉम्प्रेसरला २.२, पन्नास वॉटच्या चोवीस दिव्यांना १.२ आणि स्क्रीन, लॅपटॉप व चहाची किटली मिळून सुमारे २, असा जवळजवळ १३ किलोवॉटचा भार होता. आयोजक किलोवॉटवर पैसे आकारत असल्याने वरिष्ठ ‘दहाच लिहा’ असे सांगतात, आणि मग ऐन वेळी शेजारच्या स्टॉलवरून कार्पेटखालून एक्स्टेंशन ओढली जाते. तेव्हा खरा आकडाच लिहावा. डीबीमध्ये, म्हणजे स्टॉलची वीज वाटून देणाऱ्या बोर्डात, एमसीबी (भार जादा झाला की पुरवठा तोडणारा स्विच) आहे यावर समाधान मानू नये. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), आणि त्याचे टेस्ट बटण वायरमनसमोर स्वतः दाबून पाहावे. ते दाबल्यावर पुरवठा तुटला नाही, तर यंत्र सुरू करू देऊ नये.

हा डीबी जवळजवळ नेहमी स्टॉलमागच्या चिमुकल्या स्टोअरमध्ये बसवलेला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्टोअर उघडून पाहावे : माहितीपत्रकांचे खोके छतापर्यंत, त्यांवर जेवणाचे डबे, कोणाचे तरी जॅकेट, तीन मोबाइल चार्जर आणि या सगळ्याच्या मागे बोर्ड. चार बाजूंना प्लायवूड, कापड आणि फ्लेक्स. १० एप्रिल २००६ रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाच्या मंडपांना आग लागून साठहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ते मंडप होते आणि आपला हॉल पक्का असतो, ही पळवाट मला पटत नाही; आपण पक्क्या हॉलच्या आतही लाकडाकापडाची खोलीच बांधत असतो. म्हणून बोर्डासमोर मीटरभर जागा मोकळी ठेवावी, कार्बन डायऑक्साइडचा एक सिलिंडर स्टोअरच्या आत नव्हे तर दाराबाहेर ठेवावा आणि तो चालवायचा कसा, हे स्टॉलवरच्या निदान दोघांना हातात देऊन शिकवावे.

यंत्राचे प्रात्यक्षिक असेल, तर प्रेक्षकांना नीट दिसावे म्हणून गार्ड, म्हणजे यंत्रावरचे संरक्षक आवरण, काढण्याचा आग्रह विक्री विभागाकडून होतो. तो मानू नये. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे गार्ड करून घेता येते. उभे राहून पाय सुजणे, पाणी कमी पडणे या गोष्टी पाळ्या लावल्या की सुटतात.

अकरा पानांच्या जागी आता एकच पान असते, हिंदीत आणि मराठीत. त्यावर प्रथमोपचार कक्षाची दिशा बाणाने दाखवलेली असते, बाहेर पडायची दोन दारे असतात, त्या रात्री प्रत्यक्ष हजर असणाऱ्या माणसाचे नाव व मोबाइल आणि ११२ व १०८ हे क्रमांक असतात. काम सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे सर्वांना उभे करून मी ते मोठ्याने वाचतो. पहिल्या वेळी फॅब्रिकेटर हसला होता. चौथ्या प्रदर्शनात त्याच्या मुकादमाने ते मला न विचारता स्वतःच वाचून दाखवले.

मोडणीच्या संध्याकाळी घोषणा होताच पंधरा मिनिटांत हॉलचे रूप पालटते. खिळे वर आलेल्या फळ्या वाटेत पडतात, फोर्कलिफ्ट उलट्या येतात आणि आपला पुरवठा बंद झाला तरी शेजाऱ्याची जिवंत वायर आपल्या कार्पेटखाली असू शकते. म्हणून विक्रीच्या मंडळींना मी घोषणेआधीच हॉलबाहेर काढतो आणि स्वतः सेफ्टी शूज घालून थांबतो. स्टोअरच्या दारावर आतून चिकटवलेले ते पान सर्वांत शेवटी, भिंत आडवी होताना निघते.